मेल्यावर बदला कोण घेणार?

नेम चांगला असलेले पाच जण जमले की काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या व्हिडिओ गेमची टीम तयार झाली, असं बाहेरून वाटतं. आम्हा पाचांचा नेम चांगलाच होता. ओंकार तर सरावाच्या मॅपवर बॉट्सची, म्हणजे संगणकाने चालवलेल्या खेळाडूंची, डोकी अशी टिपतो की बघत राहावं. तरीही प्रीमियर मोडमध्ये, म्हणजे रेटिंग लागणाऱ्या मॅचमध्ये, आम्ही १३-५, १३-७ असे हरत होतो, आणि हरल्यावर स्कोअरबोर्ड बघावा तर प्रत्येकाच्या नावापुढे बरे आकडे. एकट्याएकट्याने खेळ ठीक आणि एकत्र हार, असं का होतं? याचं उत्तर आम्हाला ज्या वाटेने सापडलं आणि त्यानंतर आमचा खेळ कसा बदलत गेला, ते मला सविस्तर लिहायचं आहे. या खेळाबद्दल मराठीत लिहिलेलं फारसं वाचायला मिळत नाही, आणि व्हिडिओंमध्ये बहुतेक वेळा एकट्याने काय करायचं तेवढंच सांगतात.

मी पुण्यात असते. ओंकार माझा मावसभाऊ, कोल्हापूरला. सई ठाण्यात, तेजस नागपुरात आणि आमच्यात सगळ्यात मोठा निखिलदादा नाशिकला. रात्रीची जेवणं आटोपली की डिस्कॉर्डवर जमायचं आणि मुंबईचा सर्व्हर मिळाला की बरं वाटायचं, कारण मग पाचही जणांचं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायचा वेळ, कमी राहतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाच विरुद्ध पाच. एक बाजू टी, म्हणजे बाँब लावणारी. दुसरी सीटी, म्हणजे ए आणि बी या दोन जागा, म्हणजेच साइट, राखणारी. राउंड १ मिनिट ५५ सेकंदांचा. बाँब लागल्यापासून ४० सेकंदांत फुटतो, निकामी करायला १० सेकंद लागतात, किट असेल तर ५. जो मेला तो त्या राउंडपुरता बाहेर. बारा राउंड झाले की बाजू बदलतात आणि आधी १३ राउंड जिंकेल त्याची मॅच. मिन ले आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये हाफ-लाइफ या खेळात फेरफार करून हे सुरू केलं, पुढे व्हॉल्व्ह कंपनीने ते स्वतःकडे घेतलं. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला, धुरापासून सावल्यांपर्यंत बरंच बदललं, पण हा सांगाडा तोच आहे. निखिलदादा कॉलेजात असताना सायबर कॅफेत याची १.६ ही जुनी आवृत्ती खेळायचा. डस्ट २ चा मॅप तो झोपेतसुद्धा चालून दाखवेल.

उत्तर शोधायची सुरुवात सईने केली. खेळून झालेल्या मॅचचं रेकॉर्डिंग, म्हणजे डेमो, गेममधूनच उतरवून घेता येतं आणि कुठल्याही खेळाडूच्या डोळ्यांनी पुन्हा बघता येतं. भिंतीपलीकडचेही दिसतील अशी सोय असते. सई म्हणाली, “आपण कसे मारतो ते बघायचं नाही. फक्त आपण मेलो ते क्षण बघायचे.” तिने कागदावर दोन रकाने आखले. आपला खेळाडू मेल्यावर पुढच्या दोन-तीन सेकंदांत त्याला मारणाराही मेला असेल तर डावीकडे रेघ, नसेल तर उजवीकडे. यालाच सगळीकडे ट्रेड म्हणतात. आम्ही माइकवर बदला म्हणतो. एकच मॅच बघून संपेपर्यंत उजवा रकाना भरून गेला होता.

मिराज या मॅपवरचा एक प्रसंग आम्ही पुन्हापुन्हा थांबवून पाहिला. (पॅलेस, स्टेअर्स, रॅम्प, मिड ही सगळी मॅपवरच्या जागांची नावं.) ओंकार पॅलेसमधून ए साइटवर उतरतो, समोरच्याला टिपतो, आणि त्याच वेळी स्टेअर्सवरचा सीटी त्याला उडवतो. तिथे डेमो थांबवला. मी कुठे होते? ए रॅम्पवर, पण अजून कोपऱ्याच्या अलीकडे. साइट दिसायला मला आणखी तीन-चार सेकंद लागणार होते. तेजस मिडमध्ये एकटा. सई खाली अंडरपासमध्ये. निखिलदादा बाँब घेऊन मागे, कोण कुठून बोलावतंय याची वाट बघत. डेमो पुढे सोडला. स्टेअर्सवरच्या त्या सीटीने निवांत मॅगझिन बदललं, दोन पावलं मागे जाऊन जागा बदलली, आणि मी रॅम्पवरून बाहेर आले तेव्हा तो माझी वाटच बघत होता. ओंकारने सांगितलेली जागाही तोवर जुनी झाली होती. आम्ही पाच जण पाच ठिकाणी पाच वेगळ्या लढाया लढत होतो, आणि समोरचे त्या एकेक करून जिंकत होते.

पाचाला पाच असताना आपला एक गेला तर चाराला पाच उरतात. समोरच्याला मोकळीक मिळते, तो दोघांची जोडी करून एकट्यादुकट्याला शोधायला निघू शकतो. पण बदला लगेच निघाला तर चाराला चार, आणि वर साइटचा एक कोपरा मोकळा झालेला. टीच्या बाजूने हा सौदा फायद्याचा असतो, कारण राखणाऱ्यांना दोन जागा सांभाळायच्या असतात आणि त्यातल्या एका जागेवरचा माणूस कमी झालेला असतो. कबड्डीत कोपऱ्यातला एकट्याने घोटा धरायला गेला आणि शेजारचा वेळेत आला नाही, तर चढाई करणारा त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. आमचं नेमकं तेच होत होतं.

मग आम्ही मॅच खेळणं काही दिवस कमी केलं आणि रिकाम्या सर्व्हरवर एकच गोष्ट केली. डस्ट २ चं लाँग, म्हणजे दारातून ए साइटकडे जाणारी लांब वाट. एक जण तिथल्या पिट नावाच्या कोपऱ्यात एके-४७ धरून थांबणार, दोघं दारातून येणार. पहिला मेला तर चालेल, पण दुसऱ्याने थांबलेल्याला टिपलंच पाहिजे. बहुतेक वेळा थांबणारा निखिलदादा असायचा, कारण त्याला त्या कोपऱ्यातून हलवणं सगळ्यात अवघड.

पहिल्या संध्याकाळी कळलं की जवळ राहा म्हटल्यावर माणसं फार जवळ राहतात. मी आणि तेजस एकमेकांना चिकटून बाहेर पडलो की निखिलदादाच्या एकाच स्प्रेमध्ये, म्हणजे सलग झाडलेल्या गोळ्यांत, दोघंही जायचो. पहिल्याला लागलेल्या गोळ्यांच्या मागच्या गोळ्या दुसऱ्याला. एक मॉलोटॉव्ह, म्हणजे आगीची बाटली, पडला तर दोघं भाजायचो, एका फ्लॅशने, म्हणजे डोळे दिपवणाऱ्या ग्रेनेडने, दोघं आंधळे व्हायचो. अंतर वाढवलं तर दुसरा पोहोचेपर्यंत निखिलदादा पुन्हा आडोशाला. बऱ्याच खटपटीनंतर जे जमलं ते असं. पहिला दिसल्यानंतर साधारण एका सेकंदात दुसरा दिसला पाहिजे, आणि दोघं एका रेषेत नकोत. पहिल्याने कोपऱ्यापासून लांब, मोकळ्यात जायचं. थांबलेल्याचा नेम साहजिकच त्याच्या मागे सरकतो. तेवढ्यात दुसऱ्याने कोपऱ्याला धरून बाहेर यायचं. आता थांबलेल्याला नेम परत ओढून आणावा लागतो, आणि तेवढा वेळ दुसऱ्याला पुरतो.

यात पहिल्याचं काम जास्त कठीण आहे असं मला आजही वाटतं. त्याने मध्येच बिचकून थांबायचं नसतं. तो कोपऱ्यावर अडखळला तर मागचा त्याच्या पाठीवर आदळतो आणि दोघांचंही सगळं बिघडतं. म्हणून आमच्यात पहिला जाणारा आधी बोलतो, “जातोय”, आणि त्यानंतर मागे फिरणं नाही. दुसऱ्याने पहिल्याच्या लढाईकडे बघत बसायचं नाही, जिथून गोळी येईल तिथे आधीच नेम धरून बाहेर यायचं. डोक्याच्या उंचीवर नेम ठेवून चालणं, आणि डावीकडे जाताना गोळी झाडायच्या आधी उजवीकडची की हलकेच दाबून जागीच थांबणं, ही एकट्याने करायची तालीम इथे उपयोगी पडते. पळता पळता झाडलेली एके-४७ ची गोळी कुठेही जाते. थांबून झाडलेली पहिली गोळी जिथे नेम तिथे जाते. आणि एके-४७ ची डोक्यात बसलेली एक गोळी हेल्मेटवाल्यालाही पुरते, म्हणून टीच्या बाजूने दुसरा जाणाऱ्याला ती एक गोळी नीट झाडता आली की काम झालं.

मग फ्लॅश. मी आधी स्वतः फ्लॅश टाकून स्वतःच बाहेर जायचे. हातातला ग्रेनेड जाऊन बंदूक यायला वेळ जातो आणि फ्लॅश तर फेकल्यापासून दीडएक सेकंदातच फुटतो. मागच्याने फ्लॅश टाकला तर पुढच्याच्या हातात बंदूक तयार असते. लाँगच्या दारावरून उंच टाकलेला फ्लॅश पलीकडे खाली येता येता फुटतो. राखणाऱ्याला तो येताना दिसला तरी तोंड फिरवायला अवधी उरत नाही. ओंकार मागून बोलतो, “ताई, भिंतीकडे बघ… जा.” त्या ‘बघ’ आणि ‘जा’ यांच्यामध्ये फ्लॅश फुटतो. हे एकदा जमलं की दारातून बाहेर पडताना छातीतली धडधड कमी होते, हे मी अगदी मनापासून सांगते. आपल्यामागे कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी फेकतंय, ही भावनाच वेगळी असते.

स्मोकचंही, म्हणजे धुराच्या ग्रेनेडचंही, तसंच. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर खोलीच्या आकारात पसरतो आणि सगळ्यांना सारखाच दिसतो. त्यात हँड ग्रेनेड फुटला तर क्षणभर वाट उघडते, पलीकडचा दिसतो आणि पुन्हा धूर भरतो. धूर साधारण अठरा-वीस सेकंद टिकतो. मिराजच्या ए साइटवर जायला तीन स्मोक लागतात: स्टेअर्स, जंगल आणि सीटी (इथे सीटी म्हणजे सीटींच्या येण्याची वाट). तिन्ही टीच्या बाजूने, ठरलेल्या ठिकाणी उभं राहून, भिंतीवरच्या ठरलेल्या खुणेवर नेम धरून टाकता येतात. सराव मोडमध्ये ग्रेनेड कुठे पडतो ते छोट्या खिडकीत दिसतं, त्यामुळे शिकायला फार दिवस लागत नाहीत. प्रत्येकाने तिन्ही शिकायचे असं आम्ही ठरवलं, कारण ज्याला एकच येतो तो मेला की तो स्मोकही गेला.

खेळातल्या पैशांबद्दल थोडं लांबवते, कारण जोडीने खेळण्याचा विचार इथेही लागतो आणि नवे खेळाडू याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात. प्रत्येक जण ८०० डॉलरने सुरुवात करतो. राउंड जिंकला की ३२५० किंवा ३५००, हरला तर सलग पराभवांच्या हिशेबाने १४०० पासून ३४०० पर्यंत, पाचशे-पाचशेच्या पायऱ्यांनी. एके-४७ ला २७००, आर्मर आणि हेल्मेट मिळून १०००, स्मोक ३००, फ्लॅश २००. एडब्ल्यूपी ही लांबून मारायची रायफल ४७५०. म्हणजे एके, आर्मर आणि थोडे ग्रेनेड धरून नीट तयारीला माणशी चार-साडेचार हजार लागतात.

समजा हरलेल्या राउंडनंतर दोघांकडे साडेचार हजार आहेत आणि तिघांकडे दोन हजार. दोघांनी बंदुका घेतल्या आणि तिघं पिस्तुलावर गेले, तर कोपऱ्यावर पहिला मेल्यावर बदला घेणाऱ्याच्या हातात पिस्तूल असतं. तो राउंड बहुधा जातो, आणि पुढच्या राउंडलाही कुणाकडेच पुरेसे पैसे नसतात. म्हणून आमच्यात खरेदीचा निर्णय सई एकटी घेते आणि बाकीचे ऐकतात. “सगळे सेव्ह” म्हणाली की सगळे सेव्ह, म्हणजे त्या राउंडला खरेदी न करता पैसे वाचवायचे. ज्याच्याकडे जास्त आहेत त्याने दुसऱ्याला बंदूक विकत घेऊन टाकायची. ओंकारला हे सुरुवातीला जड गेलं, त्याला दर राउंडला लढायचं असतं. पण एकदा सगळ्यांनी मिळून सेव्ह केल्यावर पुढच्या राउंडला पाचही जणांच्या हातात एके-४७ आणि ग्रेनेड आले, आणि त्यानंतर त्याने वाद घातला नाही.

आणखी दोन बारकावे. टीच्या बाजूने बाँब न लावता वेळ संपला आणि तुम्ही जिवंत राहिलात, तर तुम्हाला त्या राउंडचे पैसे मिळत नाहीत; म्हणून बंदूक वाचवण्यासाठी लपायचं की शेवटची धडक मारायची, हे आधी ठरवून टाकायचं. आणि सीटीच्या बाजूने समोर सगळ्यांकडे एके-४७ असतील तर हेल्मेटचा फार उपयोग नाही, ती गोळी हेल्मेट जुमानत नाही. नुसतं आर्मर ६५० ला येतं. वाचलेल्या ३५० मध्ये एक स्मोक बसतो.

बोलण्याची शिस्त लागायला मात्र सगळ्यात जास्त वेळ लागला. आम्ही गप्पिष्ट आहोत. कुणी मेलं की, “अरे काय मारलं त्याने, मी तर आडोशाला होतो, बघितलंस का तेजस,” असं सुरू व्हायचं, आणि तेवढ्यात जिवंत असलेल्याला पावलांचे आवाज ऐकू यायचे नाहीत. या खेळात पळणाऱ्याची पावलं वाजतात, शिफ्ट दाबून चालणाऱ्याची वाजत नाहीत, आणि शेवटी एकटा उरलेला माणूस कानांवरच जगत असतो. आता मेलेल्याने एका श्वासात तीन गोष्टी सांगायच्या: किती, कुठे, किती जखमी. “एक जंगल, एक स्टेअर्स, स्टेअर्सवाला लो.” लो म्हणजे जीव थोडाच उरलेला. मग गप्प. जिवंत असलेला विचारेल तेवढंच उत्तर. निखिलदादाने एक चांगली सवय लावली. तो नुसतं ‘तिकडे आहे’ कधीच म्हणत नाही. “आत्ता पाहिला” किंवा “आधी होता, आता माहीत नाही” असं म्हणतो. बदला घ्यायला जाणाऱ्याला या दोन वाक्यांतला फरक फार कामाचा असतो.

सीटीच्या बाजूने खेळताना हाच विचार उलटा लागू होतो, हे आम्हाला इन्फर्नो या मॅपवर कळलं. बी साइटकडे येणारी बनाना नावाची वाकडी वाट आहे. टीला ती पाहिजे असते, कारण ती हातात आली की बीवर कधीही स्मोक टाकून घुसता येतं. सीटीचे दोघं तिथे थांबतात. आमचे दोघं, तेजस आणि मी, तिथे वरखाली उभे राहायचो, आणि टीचे तिघं-चौघं मॉलोटॉव्ह, फ्लॅश टाकत आले की आधी एक जायचा, मग दुसरा. आता तेजस कारजवळ असला तर मी त्याला दिसणाऱ्या जागेच्या थोडी मागे असते, आणि पहिला टी दिसल्यावर तेजस एक-दोन गोळ्या झाडून मागे येतो. त्याच्या मागे येणारा माझ्यासमोर उघडा पडतो. मॉलोटॉव्ह पडला तर तो स्मोकने विझतो, त्यामुळे आमच्यापैकी एकाच्या हातात स्मोक राखून ठेवलेला असतो. वाट सोडावी लागली तर सोडायची, साइटही सोडायची, पण दोघांनी मिळून. मेलेल्या दोघांपेक्षा जिवंत दोघं आणि त्यांना येऊन मिळणारे तिघं केव्हाही बरे.

साइट परत घेताना तर हे अधिकच. पूर्वी जो आधी पोहोचेल तो आधी आत घुसायचा. चाळीस सेकंदांचं दडपण असतं ना, पाय थांबत नाहीत. आता सगळे बाहेर जमेपर्यंत थांबतो. त्यात आठ-दहा सेकंद जातात, पण किट असेल तर तेवढे परवडतात. म्हणून ४०० डॉलरचं किट निदान दोघांकडे असावंच, असा सईचा नियम आहे.

हे सगळं एका राउंडमध्ये नीट जुळून आलं तो राउंड सांगते. मिराज, ११-११, आम्ही टी. पाचही जणांकडे एके-४७. निखिलदादाने मिडच्या विंडोवर स्मोक टाकला, तेजसने तिथे आवाज करत दोन-चार गोळ्या झाडल्या, म्हणजे सीटीला वाटावं की आम्ही मिडने येतोय. ओंकार आणि मी रॅम्पवर, सई पॅलेसमध्ये, कुणीही घाई करत नव्हतं. घड्याळात पन्नास सेकंदांच्या आसपास राहिल्यावर निखिलदादा म्हणाला, “टाका.” स्टेअर्स, जंगल, सीटी, तिन्ही धूर उमलले. माझा फ्लॅश रॅम्पवरून वर गेला आणि ओंकार “जातोय” म्हणत बाहेर पडला.

साइटवरच्या खोक्याआडचा त्याने पहिल्याच गोळीत टिपला. पॅलेसच्या खाली, सावलीत, दुसरा बसलेला होता. त्याने ओंकारला बाजूने मारलं. ओंकार बोलला ते दोनच शब्द: “पॅलेसखाली एक.” मी तोवर कोपऱ्याबाहेर होते आणि त्याचा नेम अजून ओंकार पडला तिथेच होता. तो गेला. चाराला तीन. निखिलदादा बाँब लावायला बसला, त्याला तीन-सव्वातीन सेकंद लागतात आणि तेवढा वेळ तो काही करू शकत नाही, म्हणून सई पॅलेसच्या कठड्यावरून आणि मी रॅम्पच्या तोंडाशी राहून त्याच्यावर लक्ष ठेवलं.

धूर विरायला लागल्यावर ते तिघं आले. एकाने जंगलमधून निखिलदादाला मारलं, सईने त्याला लगेच टिपलं. मिडमधून वर येणारा तेजस कनेक्टरमध्ये एकाला भेटला, तेजस मेला, पण जाता जाता सांगून गेला, “कनेक्टर, फार लो.” तो बाहेर येताच माझ्या एका गोळीत गेला. सई आणि मी, समोर एक. बाँबची टिकटिक जलद होत चाललेली. आणि निकामी करायला बसल्याचा आवाज आला.

माझं बोट पुढे जायच्या कीवर गेलं होतं. सई म्हणाली, “थांब, सोडेल.” आवाज थांबला. तो आम्हाला बाहेर ओढत होता. बाँब बाजूला ठेवून तो रॅम्पकडे नेम धरून बसला असणार, हे उघड होतं. पुन्हा आवाज. सई म्हणाली, “आता खरा. तीनवर दोघी. एक, दोन, तीन.” मी रॅम्पवरून, ती पॅलेसमधून, एकाच वेळी. तो माझ्याकडे वळला, त्याच्या गोळ्या मला लागल्या आणि मी पडले, पण तोवर सईची गोळी त्याला लागली होती. बाँब फुटला तेव्हा चौघं मेलेले एकाच वेळी ओरडत होतो आणि सई शांतपणे म्हणाली, “पुढच्या राउंडला ओंकारला एके मी देते.” ती मॅच आम्ही १३-११ ने जिंकलो.

त्या मॅचचा डेमो सईने उघडला तेव्हा दोन्ही रकान्यांत रेघा होत्या, पण डावीकडे जास्त. आता रेटिंग हळूहळू वर चाललंय. हरतोही, पण हरलेल्या मॅचमध्ये काय बघायचं ते ठाऊक असल्यामुळे चिडचिड कमी झाली आहे.

सध्या आमचं डोकं न्यूक या मॅपवर चाललंय. तिथे ए साइट वर आणि बी साइट बरोबर तिच्या खाली आहे. रडारवर सई माझ्या शेजारी दिसते आणि प्रत्यक्षात ती एक मजला खाली असते. माझा बदला घ्यायला तिला व्हेंटमधून किंवा रॅम्पने फिरून यावं लागेल. पावलांचा आवाजही वरचा की खालचा हे चटकन कळत नाही. म्हणून न्यूकवर प्रत्येकाने जागेबरोबर ‘वर’ किंवा ‘खाली’ सांगायचं असं ठरलं आहे, आणि व्हेंटमधून खाली उडी मारणारी जोडी एकामागोमाग किती अंतराने उतरली तर खालच्याला एकाच वेळी दोघं सापडत नाहीत, ते शोधणं चालू आहे. निखिलदादा खाली बी साइटवर एके धरून बसतो. ओंकार आणि मी वरून उड्या मारतो.